पंख्यांचं की जेट

मी नव्या, स्वस्त भाड्याच्या विमान कंपनीत रुजू झाले तेव्हा कंपनीकडे एकही विमान नव्हतं. सिहोऱ्याला घरी गेले तर आईनं पहिलं तेच विचारलं.

"दुकान उघडलं अन् माल नाही?"

"माल कोणता घ्यायचा, हेच ठरवायचं काम मले देलं आहे," मी म्हटलं.

पर्याय दोन होते: एक जेट आणि एक पंख्यांचं लहान विमान. दोन्ही ठेवणं परवडणार नव्हतं, कारण दोन प्रकारची विमानं म्हणजे दोन प्रकारचे वैमानिक, दोन प्रकारचे सुटे भाग. एकच निवडायचं होतं. आमच्या प्रमुख बाई पूर्वी विमानदुरुस्तीत होत्या. त्या म्हणाल्या, "आकडेमोड पुरे. दोन्हींत बसून या. कधीच न बसलेल्या माणसाला सोबत न्या. तो कुठे अडतो ते बघा."

मी आईला नेलं. नागपूरहून पूर्वेकडच्या एका शहरात जाताना जेट, दोन दिवसांनी परतताना पंख्यांचं विमान.

जेटमध्ये आई पट्टा धरून बसून राहिली. परतीच्या वेळी मात्र जिन्याच्या पायथ्याशीच थबकली. मागे रांग खोळंबली.

"हे पंखे बाहेर काहून लावले?"

"जेटलेही पंखेच असतात आई, पण झाकलेले."

"मंग हे उघडे कायले ठेवले?"

जागेवर बसेपर्यंत मी सांगत राहिले. जवळच्या अंतराला जेट उंच चढतं न चढतं तोच उतरायला लागतं, इंधन चढण्यातच जातं. हे कमी उंचीवरून, सावकाश जातं. आखूड धावपट्टीवर उतरतं. पण लांब पल्ल्याला नाही चालत.

"तुमच्या लोकायले जायचं कोठी आहे?" तिनं विचारलं.

तोच आमचा वाद होता. मला लहान शहरं जोडायची होती, कंपनीतल्या निम्म्या लोकांना मोठी.

या विमानाचा पंख खिडकीच्या वर होता, त्यामुळे खालचं सगळं दिसत होतं. नागपूर जवळ येताना गोसीखुर्द धरणाचं पाणी चमकलं. आईचं माहेर त्या धरणात गेलेलं. तिनं काचेला कपाळ टेकवलं.

"पाण्याच्या त्या फाट्यापाशी होतं आमचं गाव," ती म्हणाली. "का त्या अंगाले? वरून वळखूच येऊन नाही राहिलं." मग माझ्याकडे वळून, "इतक्या पाण्याले खोली किती असन गं?"

मीही खिडकीकडे वाकले. आम्ही दोघी पाणी संपेपर्यंत बघत राहिलो.

बैठकीत मी पंख्यांच्या विमानाची बाजू मांडली. लोकांना पटलीही. पण भाड्यानं विमानं देणाऱ्यांकडून उत्तर आलं की ती विमानं एवढ्यात मिळणार नाहीत, जेट मिळतील. कंपनी तेवढी थांबू शकत नव्हती. जेट ठरलं, आणि नकाशावरची लहान शहरं एकेक करून पुसली गेली. मला वाईट वाटलं. प्रमुख बाईंनाही वाटलं असावं. "विमान निवडलं असं आपण फक्त म्हणायचं," एवढंच त्या म्हणाल्या.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आता जेट घेतलं तं मोठ्या गावालेच जा लागन. पण भरन का ते?"

"तेच तं पाहाचं आहे."

पहिलं विमान आलं त्या दिवशी सगळे आत आसनं बघायला गेले. मी खालीच, पुढच्या चाकांजवळ उभी राहिले. चाकं माझ्या गुडघ्यापेक्षा फार उंच नव्हती. मी वाकून रबरावर हात ठेवला. शेजारी उभ्या तंत्रज्ञाला विचारलं, "एवढ्याशा चाकांना हे पेलतं कसं?"

"या," तो म्हणाला, आणि गुडघ्यांवर बसून मला दाखवू लागला.