पाणबुडीवरचे आबा

मेहरूण तलावाजवळच्या टपरीवर ते आबा रोज सकाळी यायचे. चहाचा ग्लास बाकावर ठेवताना जरासुद्धा आवाज होऊ द्यायचे नाहीत. एकदा मी कारण विचारलं.

ते हळू आवाजात म्हणाले, "लढाईत पाणबुडीवर होतो, भाऊ. शत्रूच्या बंदराच्या तोंडाशी दिवसभर दडून होतो. वर त्यांची जहाजं फिरत होती. चमचा पडला असता तरी बठ्ठे, एकूणएक मेलो असतो. आमच्या स्वयंपाक्याला खोकला आवरेना. कप्तानसाहेबांनी त्याचं तोंड आपल्या छातीशी दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने शांतपणे नकाशावर खुणा करत राहिले. तसा माणूस पुन्हा पाहिला नाही."

मी माझा ग्लासही आवाज न करता खाली ठेवला.

पाणबुडी हा आमच्या तलावातला पक्षीही आहे. बाकावरून कुणीतरी पाण्यातल्या पक्ष्यांकडे बोट दाखवत ओरडलं, "आबा, यातल्या कोणत्या पाणबुडीवर बसले होते? बुडाली नाही का ती?"

सगळे हसले. आबांनी फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि मीही हसलो.

त्यानंतर ते टपरीवर आले नाहीत. लोक म्हणतात, थाप पकडली गेली म्हणून लाजले. आज सांगतो, खोटं त्या सकाळी एकच होतं, माझं हसणं. त्यांचा शब्दन् शब्द मला पटला होता.