दस्तगीरभाईंचा पंप चांगला होता

दस्तगीरभाई गेल्याचं मला चाकणच्या एसटीत कळलं. शेजारची बाई सहज बोलून गेली, ते फवारणीचे पंप दुरुस्त करायचे ना, ते मिस्त्री गेले की हो... लगेच त्यांच्या घरी जायला माझे पाय उचलले नाहीत. गेले ती थेट चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला.

आमचं रान मोशीला, इंद्रायणीकाठी. गावची माणसं पिंपरीच्या कंपन्यांत शिफ्टला जायला लागली, खुरपणीला बायका मिळेनात, तसं आम्ही गव्हात तणाचं औषध मारू लागलो. पहिल्या वर्षी तणातला चंदनबटवा असा माना टाकून पडला, की वाटलं, सुटलो बाई. पण त्याच्या जागी एक गवत आलं, अगदी गव्हासारखं दिसणारं. तिसऱ्या वर्षी गहू कुठला नि गवत कुठलं, कळेना. औषध दोनदा मारलं, तरी ते आपलं हिरवंगार. आता मात्र मी थकले.

पंप दस्तगीरभाईंनी नुकताच दुरुस्त केलेला. मग दोष कुणाचा? माझ्या तोंडाला झाकण कधी नव्हतंच. बाजारच्या दिवशी त्यांच्या दुकानासमोर उभी राहून चारचौघांत म्हणाले, हा माणूस पंप दुरुस्त करत नाही, बिघडवतो. ते हातातला पंपाचा वायसर पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सायकलवरून मोशीला आले. रानात बसून एक रोप जमिनीलगत मोडलं, मग दुसरं. एकाचं बूड तांबूस, दुसऱ्याचं पांढरट.

"वहिनी, तांबडं ते गवत. हे गव्हाचंच भावंड हाय. जे औषध गव्हाला सोडतंय, ते ह्याला कसं मारंल? पंप काय करणार त्यात?"

बी धरायच्या आत उपटा, म्हणाले. पुढच्या साली गहू नको, हरभरा करा. पेरणीआधी पाणी देऊन गवत उगवू द्या नि त्यावर कुळव फिरवा. दिवस मावळेपर्यंत आमच्याबरोबर उपटत बसले. दोनतीन सालांत रान परत हाताशी आलं.

उपटायला आले त्या दिवशीच मी बांधावर त्यांची माफी मागितली होती. बाजारात मात्र नाही. आज सांगू, उद्या सांगू... तोवर माझं बोलणं गावोगाव पोचलं होतं. पंप येईनासे झाले. ते कंपनीवाल्यांच्या सायकली दुरुस्त करत बसले. मी दिसले की चहा मागवायचे, आणि त्या चहानं मी आणखीच गप्प व्हायची.

चाळिसाव्याला अंगणात कुणी म्हणालं, "माणूस लाख होता, पण पंपाच्या कामात हात चालायचा नाही त्यांचा."

घास माझ्या हातातच राहिला. "चालायचा," मी म्हणाले. "खोटं मी बोलले होते." मग त्या गवतासकट सगळं सांगितलं.

त्यांच्या घरच्या, हमीदाभाभी, वाढत होत्या. माझ्या ताटात त्यांनी भात घातला.

"हे तुम्ही ते असताना बोलायला हवं होतं, ताई."

आवाजात राग नव्हता. दमल्या होत्या. मी मान हलवली, आणि त्या पुढच्या ताटाकडे गेल्या.