सकाळी आठची धुळे–पुणे

समस्त वाचकांनी कृपया लक्ष द्यावे. सकाळी आठ वाजता सुटणारी धुळे–पुणे जोडणी, यंत्र जुने असल्याकारणाने, आजही सुटलेली नाही. ती कधी सुटेल हे सांगता येत नाही. सुटल्यास वाटेत बंद पडणार नाही याची हमी नाही. होणाऱ्या गैरसोयीबद्दल एक बावन्न वर्षांची बाई खुर्चीच्या कडेवर बसून दिलगीर आहे.

ही घोषणा मी सलग तीन आठवडे रोज मनातल्या मनात करत होते. आता सांगताना मजा वाटते. तेव्हा हात इतके गार पडायचे की बाहेर चव्वेचाळीस अंश असून मी ते चहाच्या कपावर शेकायचे.

माझं काम साधं. मोठ्या रुग्णालयांतले डॉक्टर बोलून ठेवतात, मी ऐकून टाइप करते. त्यात रोग्यांची खासगी माहिती असते, म्हणून ते उघड्या इंटरनेटवरून येत नाही. कंपनीनं पुण्यातल्या आपल्या दारापासून माझ्या घरापर्यंत एक झाकलेला बोगदा दिलाय. त्याला व्हीपीएन म्हणतात. बोगदा उघडला तर मी कामावर. नाही उघडला तर मी धुळ्यात घरी बसलेली एक बाई.

आणि मला धुळ्यातच बसायचं होतं. हिवाळा संपता संपता आबा, म्हणजे माझे वडील, न्हाणीघरात पडले होते. घरात एकटेच. शेजारच्या अक्कांना दुपारी बारा वाजता अंगणात वर्तमानपत्र तसंच पडलेलं दिसलं, म्हणून त्यांनी हाका मारल्या. तोवर आबा पाच तास ओल्या फरशीवर होते. "भ्यायलात का?" असं मी विचारलं तर म्हणाले, "रस्त्यावरच्या गाड्यांना हॉर्न ऐकीसन टाइम लावत होतू. दोन लेट होत्या."

आबा एसटीतले निवृत्त वाहतूक नियंत्रक. आधी दोंडाईचा, मग धुळे. स्टँडवरचं घड्याळ बरोबर असायचं, पण आबांचं मनगट दहा मिनिटं पुढं. घरातलीही सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढं. माझं लहानपण त्या दहा मिनिटांत गेलं. आम्ही लग्नाला पोचायचो तेव्हा मांडव बांधणारे शिडीवर असायचे. पुण्याला आबा एकदाच राहायला आले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दहाव्या दिवशी सकाळी पिशवी भरून दाराशी बसलेले दिसले. त्यानंतर तो विषय आम्ही काढला नाही. म्हणून मीच आले. कंपनीनं घरून काम करायची परवानगी दिली, अट एकच: आठला हजर. नवा लॅपटॉप येणार होता, येतच होता. तोवर घरचा कॉम्प्युटर चालवा म्हणाले.

हा कॉम्प्युटर मीच बारा वर्षांपूर्वी आबांना घेऊन दिलेला, नातवंडांची तोंडं दिसावीत म्हणून. त्यावर आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा पांघरलेला असतो. रात्री झोपताना आबा भिंतीवरचं बटण बंद करतात आणि पहाटे पाचला तेच चालू करतात. मी पावणेआठला येईपर्यंत पडदा उजळलेला, खुर्ची पुसलेली.

"गाडी फलाटले लायेल शे, माय," आबा म्हणायचे. "आते फक्त बस."

मी बसायचे, पासवर्ड टाकायचे आणि पडद्यावर उमटायचं: आपली ओळख पटवता आली नाही.

पहिल्या दिवशी मी पासवर्ड चुकला असं समजले. तिसऱ्या दिवशी राउटर बंद-चालू केला. चौथ्या दिवशी वायर बदलली. मग कूलरवर संशय घेतला, कारण त्याची मोटर सुरू झाली की दिवा लुकलुकायचा. दोन दिवस कूलर बंद ठेवून ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसले. खानदेशातल्या उन्हाळ्यात कूलर बंद करणं हा जवळजवळ गुन्हा आहे. आबांनी एका शब्दानं तक्रार केली नाही, उलट वहीनं मला वारा घातला. व्हीपीएन काढून पुन्हा टाकलं. अक्का डोकावून म्हणाल्या, "त्या पेटीले नजर लागनी शे," आणि मीठमोहऱ्या ओवाळून गेल्या. मी त्यांना अडवलं नाही. मनात म्हटलं, कोण जाणे.

इंटरनेटवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, नेट तर मस्त चालू आहे." आणि होतंच. बातम्या दिसायच्या, गाणी वाजायची, नातवंडं दिसायची. सगळं जग उघडं होतं, फक्त ते एक दार बंद. आणि तेही रोज नाही. कधी तासाभरानं आपोआप उघडायचं आणि दिवसभर नीट चालायचं, जणू काही झालंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच वाक्य.

कायमचं बिघडलेलं परवडतं. कधी बिघडेल ते कळत नाही, त्याची भीती जास्त. मी साडेपाचलाच जागी व्हायचे आणि पडून राहायचे. माझी खात्री होत चालली की कंपनीनं मला काढून टाकलंय आणि सांगायची हिंमत कुणाला होत नाहीये. ओळख पटवता आली नाही! आठ वर्षं काम केलेल्या बाईला असं म्हणतात?

शुक्रवारी पुण्याहून आमची टीम सांभाळणाऱ्या प्रमुख मुलीचा फोन आला. वयानं माझ्या मुलीएवढी, स्वभावानं चांगली. मी पोळ्या लाटत होते, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"मॅडम, सोमवारी आठ वाजता आयटीचे सर तुमच्यासोबत लाइनवर राहतील. तेव्हाही नाही जमलं, तर मंगळवारपासून ऑफिसला यावं लागेल. माझ्या हातात नाही हो."

मागं वळले तर आबा वॉकर धरून दारात. त्यांनी सगळं ऐकलं होतं.  जाऊन कपाट उघडलं.

शनिवारी सकाळी शिट्टी वाजली. लांब, स्टँडवर गाडी मागं घेताना वाजवतात तशी. मी कणकेच्या हातानं धावले, अक्का झारा घेऊन धावल्या. आबा न्हाणीघरात वॉकर धरून धडधाकट उभे, गळ्यात नोकरीतली जुनी शिट्टी.

"आबा! काय झालं?"

"काही नही. टेस्ट घेतली," म्हणाले. "तू पुण्याले गई आन मी पडनू, ते वाजाडसू. अक्काले ऐकू जास." मग अक्कांकडे बघून, "दीड मिनिट लागनं तुमले. लेट शे."

अक्का हसल्या. मीही हसले. मग खोलीत जाऊन पदर तोंडात धरून बसले. डोळ्यांसमोर ती ओली फरशी होती आणि शिट्टी हाताला न लागता गळ्यामागं गेलेली होती.

सोमवारी मी सातलाच खुर्चीत. आबा मागच्या पलंगावर, इस्त्रीचा सदरा घालून. फोन स्पीकरवर लावला, आयटीचे सर होते, प्रमुख मुलगीही होती. पासवर्ड टाकला. आपली ओळख पटवता आली नाही. पुन्हा टाकला. पुन्हा तेच. मागं आबांच्या वॉकरचा रबरी पाय फरशीवर करकरला.

सरांनी हे बघा, ते उघडा असं बरंच करून घेतलं. मला वाक्यं ऐकू येत होती, अर्थ लागत नव्हता. मनात मी पुण्याची बॅग भरत होते. मग ते म्हणाले, "मॅडम, खाली उजव्या कोपऱ्यात वेळ काय दिसतेय?"

"आठ वाजून एकवीस."

"माझ्याकडे आठ अकरा आहेत."

मी कोपऱ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. भिंतीवरही आठ एकवीस. मला त्यात गेले तीन आठवडे काहीही वावगं दिसलं नव्हतं. या घरात दोन घड्याळं जुळली की ती बरोबर, हे मी चालायला लागण्याआधी शिकले होते.

सर समजावत होते. कॉम्प्युटरच्या पोटात एक लहान सेल असतो, तो संपलाय; बटण बंद केलं की यंत्र तारीख-वेळ विसरतं. आणि त्याची वेळ आमच्याहून पाच मिनिटांपेक्षा जास्त वेगळी असली की दार उघडत नाही. मधूनच कधीतरी ते इंटरनेटवरून खरी वेळ उचलतं, मग चालतं. "पण मॅडम, सेल गेला तर वर्षानुवर्षं मागं जायला पाहिजे. हे मोजून दहा मिनिटं पुढं आहे. रोज सकाळी कुणीतरी हातानं लावतंय."

मी मागं वळले. आबांचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. ऐंशी ओलांडलेला माणूस पकडल्या गेलेल्या पोरासारखा दिसत होता.

"त्याले रोज जुनी तारीख दिसे," ते हळूच म्हणाले. "मी भिंतीवरनं पाहीसन लावू. तुले ड्युटीले उशीर नको व्हवाले."

शुक्रवारच्या फोननंतर तर ते पाचऐवजी चारला उठून लावत होते, हे नंतर कळलं.

मी वेळ दहा मिनिटं मागं घेतली. पासवर्ड टाकला. कोपऱ्यात एक छोटंसं हिरवं कुलूप उमटलं. फोनवर प्रमुख मुलगी म्हणाली, "दिसताय तुम्ही मॅडम! मंगळवारचं यायचं रद्द." मी नुसतीच मान हलवली, तीही फोनवर.

"आजोबा आहेत का तिथं?" सर हसत म्हणाले. "आजोबा, सेल बदलून घ्या, स्वस्त असतो. आणि भिंतीवरचं घड्याळ तेवढं बरोबर करा. दहा मिनिटं पुढं आहे तुमचं."

आबा वॉकर पुढं टाकत टेबलापाशी आले. सदऱ्याची कॉलर सरळ केली, फोनवर वाकले, आणि स्टँडच्या माइकवरचा तो जुना आवाज घरात दणाणला:

"सदतीस वर्षं या घड्याळावर गाड्या सोडल्यात साहेब! मागं असेल तर तुमचं पुणं असेल!"