चार बोटं खाली, डाव्या अंगाला

मास्तर भित्रे होते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी त्यांच्याकडून मर्दुमकीची अपेक्षा करणार नाही. सरकता जिना दिसला की ते बाजूचा साधा जिना शोधायचे. पैशाच्या मशीनसमोर उभे राहिले की आकडे दाबण्याआधी दोनदा मागे वळून बघायचे, आणि मशीनने कार्ड परत दिलं की त्याला हळूच नमस्कार करायचे. परक्या मुलखात नऊ वर्षं काढली, तीही अशी जीव मुठीत धरून. पण शिवणकामात हात असा की ज्या गणवेशाच्या कारखान्यात ते शिंपी होते तिथे कुणाची कॉलर बसेना झाली की मुकादम ती मुकाट्याने मास्तरांच्याच मशीनवर आणून टाकायचा.

कारखान्याच्या मागे एका गोदामाच्या माडीवर दोन खोल्यांत मास्तर धरून आठ जण राहायचे. कुणी ड्रायव्हर, कुणी प्लंबर, सगळे आपल्याच बोलीचे. त्यात वयाने मोठा फोरमन, म्हणून खोलीचा कारभार त्याच्याकडे. आणि सगळ्यांत लहान वेल्डर. हा वेल्डर बोलायला कमी, पण मास्तरांना चहा दिल्याशिवाय स्वतः घोट घ्यायचा नाही.

पगार कार्डावर जमा व्हायचा. शहाण्या माणसाने तो बँकेत ठेवावा आणि बँकेतूनच घरी पाठवावा. पण बँकेचा फॉर्म चार पानांचा, काचेमागच्या बाईने काही विचारलं की आठही जणांची दातखीळ बसायची. त्यापेक्षा बाजारातलं पैसे बदलायचं दुकान बरं. तिथे फॉर्म नाही, दारातला दलाल हसून बोलावणारा, भाव बँकेपेक्षा किंचित चढा, आणि पैसा दोन दिवसांत घरी पोचायचा. म्हणून सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मशीनमधून सगळी रक्कम उपसायची आणि सकाळी रोकड अंगावर घेऊन भर गर्दीतून बाजार गाठायचा, असा रिवाज पडला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय!

एकदा प्लंबरचा खिसा कापला गेला, तेव्हा मास्तरांनी चोरखिसा काढला. पॅंटच्या आतून, डाव्या अंगाला, पट्ट्याच्या बरोबर चार बोटं खाली. संध्याकाळी नोटा आत सरकवायच्या आणि मास्तरांनी वरून साखळीटाका घालून तोंड बंद करायचं. त्या टाक्याची गंमत अशी की एक टोक ओढलं की सगळी शिवण सर्रकन उसवते. दुकानात पोचायचं, भिंतीकडे तोंड करायचं, सदरा वर करायचा, दोरा ओढायचा. दोन वर्षं एकाचाही पैसा गेला नाही. मास्तरांची कॉलर ताठ झाली. भित्र्या माणसाला अशी ताठ कॉलर फार शोभते हो, पण टिकत नाही.

त्या सुट्टीच्या दिवशी वेल्डर सकाळी दहाला बाजारात गेला आणि अकराला परत आला. चेहरा पांढराफटक. त्याने पॅंट काढून मधोमध टाकली. डाव्या अंगाला वीतभर काप होता. चार महिने घरी न पाठवता कार्डावर साठवलेली रक्कम गेली होती. त्याच्या बायकोच्या पोटात गाठ होती, आणि पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रियेची तारीख लागली होती. दवाखान्यात भरायचे ते हे पैसे.

मग एकाने विचारलं, की एवढी मोठी रक्कम आज जाणार हे कुणाकुणाला ठाऊक होतं? वेल्डर म्हणाला, मास्तरांना. काल त्यांनीच शिवली. झालं. सात जोडी डोळे मास्तरांवर आले. काप बघा किती सफाईदार आहे, दुसरा म्हणाला, गर्दीत मागोमाग जाऊन मारला असेल, हा शिंप्याचा हात. मास्तर सांगायला गेले की कात्रीचा काप असा नसतो, कात्री पायरी-पायरीने जाते, हा पात्याचा आहे, एका ओढीतला. फोरमनने शांतपणे मास्तरांच्या डब्यातलं शिवण उसवायचं पातं काढून पॅंटच्या शेजारी ठेवलं.

मग झडती झाली. पेटीत काही सापडलं नाही. पण कुणीतरी उशी दाबून बघितली, तर आत नोटांचं पुडकं लागलं. ती मास्तरांची स्वतःची पुंजी होती. पुढच्या महिन्यात ते कायमचे घरी जाणार होते, दोन मशिनी घेऊन गल्लीच्या तोंडाशी दुकान टाकणार होते. बँकेची भीती म्हणून पुंजी उशीत शिवलेली. आता हे कुणाला पटणार? मास्तर स्वतः त्या घोळक्यात उभे असते तर त्यांनाही पटलं नसतं. फोरमनने पुडकं आपल्याकडे ठेवून घेतलं आणि सांगितलं, की उद्या कामावर जायच्या आत खरं काय ते बोला, नाहीतर मालकाला सांगावं लागेल. मालक म्हणजे पोलीस. पासपोर्ट मालकाच्या कपाटात, पोलिसाला आपली भाषा येत नाही आणि आपल्याला त्याची. मास्तरांच्या डोळ्यांपुढे कोठडी आली, घरचा दरवाजा आला, दरवाज्यात वाट बघणारी बायको आली. ते होते तिथेच भिंतीला टेकून बसले.

बसल्या बसल्या हाताला चाळा म्हणून त्यांनी ती फाटकी पॅंट जवळ ओढली. पट्ट्यापासून कापापर्यंत बोटं ठेवली. एक, दोन, तीन, चार. पुन्हा मोजली. चाचपल्याची खूण नाही, चुकून दुसरीकडे लागलेलं पातं नाही. चोराला माप ठाऊक होतं.

आणि मग मास्तरांना खरी चूक दिसली. आठ पॅंटी, आठही खिसे एकाच जागी. शिंप्याची सवय! एक फर्मा, म्हणजे कापायचा कागदी नमुना, जमला की त्यावरच सगळा कपडा कापायचा. गणवेशाला ते ठीक आहे. पण आठ जण दोन वर्षं त्याच दुकानात, त्याच भिंतीकडे तोंड करून, त्याच अंगाने सदरा वर करत होते. बघणाऱ्याने एकाला पाहिलं की आठांचं कळलं.

हे बोलून दाखवलं असतं तर पळवाट काढतोय म्हणून हसले असते. मास्तर उठले. कागदी फर्म्याचे तुकडे नोटांएवढे कापले, आपल्या चोरखिशात भरले, वरून टाका घातला. सुई तीनदा बोटात गेली. मग वेल्डरसमोर जाऊन उभे राहिले.

"तू माझ्या मागून वीस पावलं चाल," ते म्हणाले. "फक्त बघ. बाकी काही करू नकोस."

वेल्डरने वर पाहिलं नाही, पण चपला घातल्या.

बाजाराकडे जाताना रस्त्याखालून एक भुयारी वाट होती. फरशा ओल्या, दिवे मिणमिणते, दोन्हीकडून माणसं एकमेकांना घासून जाणारी. मास्तरांनी नेहमीसारखा डावा तळहात कमरेखाली दाबून धरला होता. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपण सगळेच असे चालतो. म्हणजे खिसा लपवायचा आणि पाटीही आपणच लावायची! परत फिरावं असं त्यांना तीनदा वाटलं. फिरले नाहीत, कारण मागे वेल्डर होता, आणि त्याच्या मागे फोरमन, मालक, पोलीस. भित्र्या माणसाला कुठे जास्त भ्यावं हे बरोबर कळतं.

पुढच्या माणसाच्या हातातून नाणी सांडली. तो वाकला, मास्तर थबकले, मागून कुणीतरी सॉरी म्हणत आदळलं. मांडीला थंडगार काहीतरी लागलं, बस. नाणीवाला नाणी न उचलताच निघून गेला. मास्तरांनी हात लावला तर बोट पॅंटच्या आरपार गेलं. रक्त नव्हतं. तरी ते भिंतीला धरून खाली बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले.

वेल्डर धावत आला. त्याने पातं मारणाऱ्याला पाहिलं होतं. पैसे बदलायच्या दुकानाच्या दारात उभा राहून, आत जाणाऱ्याला हसून "चढा भाव देतो, बदलायचे का?" विचारणारा तोच दलाल. दोन वर्षं तो दारातून आत बघत होता.

खोलीवर दोन्ही पॅंटी शेजारी शेजारी मांडल्या. काप तंतोतंत. वेल्डरने काय पाहिलं ते सांगितलं. फोरमन दुकानात जाऊन आला. दुकानदाराने खांदे उडवले, दारातला माणूस आमचा नाही म्हणाला. दलाल त्या दिवसापासून गायब झाला तो झालाच. फोरमनने पुडकं मास्तरांच्या हातात परत दिलं. माफी कुणी मागितली नाही, मास्तरांनीही वाट पाहिली नाही. एकेक जण आपापली पॅंट घेऊन आला, आणि मास्तर खाली मान घालून खिसे उसवत बसले.

वेल्डर आला नाही. तो कोपऱ्यात फोन हातात धरून बसला होता, आणि बायकोला काय सांगावं हे त्याला सुचत नव्हतं. मास्तरांनी तो फोन घेऊन नंबर लावला. आळ गेला होता, आता गप्प राहिले असते तरी कुणी काही म्हणालं नसतं. भीती तर अजून उतरलीच नव्हती.

"वहिनी, मी मास्तर बोलतोय," ते म्हणाले. "पैसे चोरीला गेले. चूक माझी आहे. सगळ्यांचे खिसे मी एकाच जागी शिवले."

मग ती म्हणाली, "हे म्हणाले होते, मास्तरांनी शिवलंय, आता घोर नाही. म्हणून तर मी तारीख घेतली."

तिने रागाने बोललेलं चाललं असतं. ती रागावली नव्हती, हेच मास्तरांना सोसेना.

दुसऱ्या दिवशी दोघांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बँकेत गेले. काचेमागच्या बाईने चार पानी फॉर्म पुढे सरकवला. मास्तरांनी उशीतलं पुडकं काउंटरवर ठेवलं, पण हात त्यावरून उचलता येईना. दोन मशिनी होत्या त्यात, आणि गल्लीच्या तोंडाचं दुकान. बाईने वाट पाहिली. शेवटी त्यांनी हात काढला. तिने नोटा मोजून घेतल्या, पावती देईन म्हणाली, आणि मोडक्यातोडक्या शब्दांत, खुणा करत एकेक रकाना भरून घेऊ लागली. पाठवणाऱ्याचं नाव. घेणारीचं नाव. मग तिने विचारलं, घेणारी तुमची कोण?

मास्तर घाबरले. खोटं लिहिलं आणि पकडलं तर? खरं लिहिलं आणि पैसे परत केले तर? ते त्या रिकाम्या रकान्याकडे बघत राहिले.

वेल्डर मागून पुढे आला. कालपासून तो मास्तरांशी एक शब्द बोलला नव्हता.

"धाकटी भावजय," तो म्हणाला. "हे माझे थोरले भाऊ आहेत."