गोळीचं नाव कुणी घेतलं नाही

"देवी आल्या व्हत्या अंगावर, त्याला कोण काय करंल?" जिंतूरला आत्याच्या तेराव्याच्या पंगतीत पाणी वाढताना हे माझ्या कानावर पडलं. मी नेहमीसारखं पुढच्या पेल्यात पाणी ओतलं...

आत्या कित्येक वर्षं दर महिन्याला एसटीनं परभणीला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जायची. गल्लीत मात्र मामांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, दातांचे डॉक्टर असं सांगून ठेवलं होतं. शेजारीण चिडवायची, "वैनी, किती दुखतेत हो तुमचे दात?" आत्या म्हणायची, "बत्तीस हायेत ना बाई, एकेकाचा नंबर लागायलाय." माझं इंग्रजी शाळेतलं अडखळतं मराठी ऐकून न हसणारी घरात ती एकटीच.

या उन्हाळ्यात तिची गोळी बदलली. मी पुण्यात होते; पुढचं मला तिच्या मुलीनं, प्राजूनं सांगितलं. काही आठवड्यांत ताप आला, अंगभर लाल चट्टे उठले, तोंड आतून सोलून निघालं. घरानं ठरवलं, देवी आल्या. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला, फोडणी बंद झाली, दवाखानाही बंद. गोळी तेवढी चालू... 'एकही चुकवू नका' असं परभणीच्या डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून मामा स्वतःच्या हातानं द्यायचे. अंगावर पुरळ आलं तर गोळी थांबवून लगेच या, एवढं एक वाक्य बोलायला त्या डॉक्टरांना वेळ नव्हता? शेवटी गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावलं. कसली गोळी चालू आहे का, असं त्यांनी विचारलंही. मामा म्हणाले, "कसलीच न्हाई." कातडी सुटू लागल्यावर मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं खरं कारण निघालं, पण तेव्हा फार उशीर झाला होता.

मामा दुष्ट नाहीत. रडून त्यांचे डोळे सुजलेत. याचाच मला जास्त संताप येतो... इतका जीव लावणाऱ्या माणसालाही बायकोपेक्षा लोकांच्या तोंडाची भीती मोठी वाटावी!

परवा प्राजूच्या होणाऱ्या सासरची माणसं भेटायला आली. सासूबाईंनी हळूच विचारलं, "काय झालं व्हतं हो विहीणबाईंना?"

"ताप," मामा म्हणाले. प्राजूनं मान खाली घातली. मी चहा घेऊन आले होते. मी ट्रे खाली ठेवला.

"नुसता ताप नव्हता," मी म्हणाले. "आत्या मनाच्या आजारावर गोळी घ्यायची. तीच तिच्या अंगावर उठली. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आपण खोटं बोललो."