चक्कर, सौम्य

“चक्कर काय, कुणालाही येते, डॉक्टर. त्यात हा माणूस फाउंड्रीत, भट्टीसमोर.” औषध कंपनीचे मेडिकल डायरेक्टर व्हिडिओ कॉलवर मला समजावत होते.

मी कोल्हापूरचा कार्डिऑलॉजिस्ट. आजवर इतके ईसीजी वाचलेत की त्या पट्ट्या जोडल्या तर पन्हाळ्याला दोन वेढे बसून शेपूट रंकाळ्यात बुडेल. म्हणून नवी गोळी बाजारात आणण्याआधी कंपन्या मला विचारतात, हिचा हृदयाला धोका नाही ना? ही गोळी अंगावर उठणाऱ्या पित्ताची. ट्रायल आमच्याच जिल्ह्यात. रिपोर्टात काही जणांपुढे एकच शेरा: चक्कर, सौम्य.

आता आमच्याकडं चक्कर म्हणजे काहीही. उपास घडला तरी चक्कर, व्याही जेवायला राहिले तरी चक्कर. ट्रायलच्या डॉक्टरांना सांगून मी शिरोलीच्या त्या फाउंड्रीतल्या दत्ताला माझ्या शाहूपुरीतल्या दवाखान्यात बोलावलं. सकाळची गोळी घेऊनच ये म्हटलं. तो बायकोसकट आला.

“जरा अंधारी आलती. दुसरं काय न्हाय.”

“उभा होतास का पडलास?”

बायको म्हणाली, “पडलं की. डोळं पांढरं झालतं. हाका मारून माझा घसा बसला.”

“तू गप गं. भट्टीवरनं काढतील मला.”

ईसीजी काढला. ठोका पडून हृदय पुढच्या ठोक्याला तयार होईपर्यंतच्या वेळेला आम्ही क्यूटी म्हणतो. तो फार लांबला की एखादा ठोका अवेळी पडतो, ताल विस्कटतो, माणूस कोसळतो. कधी उठतो, कधी नाही. ट्रायलमधले ईसीजी सकाळच्या गोळीच्या आधी काढलेले, म्हणून ठीक दिसत होते. हा गोळीनंतरचा. यात क्यूटी भलताच लांबलेला.

दत्ताची गोळी बंद करून त्याला मॉनिटरवर ठेवलं. पट्टी डायरेक्टरांना पाठवली. त्यांनी गोळी सगळ्यांचीच थांबवली आणि चक्कर आलेल्या प्रत्येकाला फोन करायचं ठरलं.

वारणानगरच्या एका बाईंना मीच लावला. रिपोर्टात त्या पुढच्या तपासणीला गैरहजर होत्या. फोन नवऱ्यानं उचलला.

“उशीर केलासा, पावणं. गोठ्यात पडली ती उठलीच न्हाय. परवाच दिवस घातलं तिचं.”

गोळी बाजारात आली नाही. आता माझ्या हाताखालच्या प्रत्येक ट्रायलमध्ये चक्कर म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: पडलात का?

दत्ता बेशुद्ध पडला होता हे कळल्यावर फाउंड्रीनं त्याला भट्टीवरून काढून गेटवर बसवलं. भेटला की तो मला शिव्या घालतो. मी उभा राहून ऐकतो. शिव्या घालायलासुद्धा माणूस जिवंत लागतो.