समजलं नाही म्हणायची चोरी

जर्मनीला निघाले त्या दिवशी पाथर्डीच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा आईनं खिडकीतून माझा हात धरला. "तिकडं बी मानसंच हायेत. तुझं बोलनं समजंल त्यांला," म्हणाली. गाडी हलली तरी तिनं हात सोडला नव्हता.

नगरला मी कित्येक वर्षं आयसीयूत नर्स होते. जर्मन भाषेची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले. पण जर्मनीतल्या वृद्धाश्रमात पोचले आणि कळलं, की पुस्तकातलं जर्मन तिथं कुणी बोलतच नाही. म्हातारी माणसं आपल्या गावाकडच्या बोलीत बोलायची, तेही कवळी काढून. एका आजोबांना मी म्हटलं, "परत सांगता का?" त्यांनी सांगितलं. मी पुन्हा विचारलं. चुकीचं औषध देण्यापेक्षा विचारलेलं बरं, हे मी नगरलाच शिकले होते. आजोबा चिडले नाहीत, त्यांचा मुलगा चिडला. "भाषा येणारी बाई पाठवा," असं ऑफिसात सांगून आला. मला कपडे धुण्याच्या खोलीत टाकलं. व्हेंटिलेटर सांभाळणारे हात चादरींच्या घड्या घालू लागले. आई फोनवर विचारायची, "पेशंट बरे हायेत का?" मी म्हणायचे, "बरे हायेत."

वर्षभरानं वॉर्डात परत घेतलं. तोवर मी शहाणी झाले होते. समजो न समजो, हसून मान डोलवायची. औषधाचं असेल तेवढंच हळूच दुसऱ्या नर्सला विचारायचं. सगळे म्हणाले, भाषा सुधारली तुझी! तुमच्यापैकी जे बाहेर गेलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

यंदा आईचं लिव्हर बिघडलं म्हणून आले. नगरच्या डॉक्टरांनी निम्म्या इंग्रजीत भराभर सांगितलं. आई प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" करत होती. बाहेर आल्यावर विचारलं, "काय समजलं गं?"

"काय बी न्हाई."

"मग विचारायचं ना!"

"इचारलं का खेकसत्यात. आपलं व्हय म्हनावं."

ही तर जिल्ह्याबाहेरही फारशी कधी गेली नव्हती.

घर म्हणजे काय, असं तिकडं कुणी विचारलं, की मी सांगायचे, जिथं 'समजलं नाही' म्हणायला लाज वाटत नाही ते. त्या दिवशी आईला बाकड्यावर बसवलं आणि तिचा आजार नीट समजावून सांगितला. मधे मधे इंग्रजी येत होतं, एकदा तर जर्मनच आलं. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग हसून मान डोलवत म्हणाली, "व्हय, व्हय."